आलेख, कान आणि कूलर

तालुक्याच्या गावात हेडफोन ऐकून विकत घ्यायची सोय नसते. मोबाइलच्या दुकानात काचेखाली दहा-बारा खोकी मांडलेली असतात आणि खोकं फोडलं की माल तुमचा. नागपूरला बर्डीवर किंवा अमरावतीला गेलं तरी फार तर एखाददोन नग कानाला लावून बघता येतात, तेही रस्त्याच्या गोंगाटात. म्हणून दारव्हा असो की देसाईगंज, गाण्याचा हौशी माणूस ऑनलाइन मागवतो. मागवण्याआधी त्याच्या हाताशी असतो फक्त हेडफोनचा आवाज मोजून काढलेला एक आलेख. आडव्या अक्षावर २० ते २०,००० हर्ट्झ, म्हणजे डावीकडे खालचे जाड सूर (बास) आणि उजवीकडे वरचे बारीक सूर; उभ्या अक्षावर डेसिबल, म्हणजे आवाज किती मोठा; आणि मधून गेलेली एक वाकडीतिकडी रेघ.

पार्सल येतं, इअरफोन कानात जातो आणि तक्रार सुरू होते. आलेखात बास भरपूर होता, इथं तर पोकळ वाजतंय. किंवा उलट, रेघ कशी गुळगुळीत होती आणि ‘स’ म्हटला की कानात सुई जाते. मग दोन पंथ पडतात. एकाचं म्हणणं, आलेख गेले खड्ड्यात, कान खरा. दुसऱ्याचं म्हणणं, कानाचं काय घेऊन बसलात, यंत्र खोटं बोलत नाही. मला दोन्ही पंथ आळशी वाटतात. रेघ आणि कान यांच्यात फरक पडतो त्याला कारणं असतात, त्यातल्या बहुतेकांना नावं आहेत, आणि निम्म्याहून जास्त घरी बसून फुकटात तपासता येतात. ज्याला दुकानात जाऊन ऐकायची सोय आहे त्याचं आलेखावाचून भागेल. आपलं भागत नाही, म्हणून आपल्याला तो नीट वाचता आला पाहिजे.

आधी रेघ निघते कशी ते पाहू. धातूची एक छोटी नळी असते, तिच्या टोकाला कानाच्या पडद्याच्या जागी मायक्रोफोन. आतली पोकळी अशी घडवलेली की हवेचा दाब माणसाच्या कानात वागतो तसाच तिथे वागावा. हा खोटा कान. त्याचं प्रमाण १९८१ साली ठरलं आणि त्या मानकाच्या आकड्यावरून लोक त्याला अजूनही ‘७११’ म्हणतात, जरी मानकाचा क्रमांक पुढे ६०३१८-४ झाला. मोठ्या प्रयोगशाळांत नुसती नळी नसते, डोकं आणि धड असलेला पुतळाच असतो. त्यातला केमार हा पुतळा १९७२ पासून वापरात आहे. ब्रुएल अँड केअरचा ५१२८ हा २०१७ चा, खऱ्या माणसांच्या कानांच्या एमआरआय प्रतिमांवरून घडवलेला. हौशी मंडळींकडे मात्र बहुधा ७११ ची स्वस्त नक्कल असते, सोबत यूएसबी साऊंड कार्ड आणि आरईडब्ल्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर. खालच्या सुरापासून वरच्यापर्यंत सरकत जाणारा एक सूर हेडफोनमधून वाजवायचा, खोट्या कानात किती पोचला ते नोंदवायचं, झाला आलेख.

यातून दोन गोष्टी निघतात. ७११ च्या रेघेवर १० हजार हर्ट्झच्या पुढे भरवसा ठेवायचा नाही, ते यंत्र तेवढ्यासाठी बनलेलंच नाही. आणि एका यंत्रावरची रेघ दुसऱ्या यंत्रावरच्या रेघेशेजारी ठेवून ‘याला बास जास्त’ असं म्हणायचं नाही. तुलना करायची तर एकाच माणसाने, एकाच यंत्रावर काढलेल्या दोन रेघांची.

नवखा माणूस आलेखात सगळ्यात आधी घाबरतो ते ३ हजार हर्ट्झच्या डोंगराला. चांगल्या म्हणवणाऱ्या इअरफोनची रेघ तिथे ८ ते १२ डेसिबल वर चढलेली असते. हा दोष नव्हे. कानाची नळी साधारण अडीच सेंटीमीटर लांब, एका टोकाला उघडी, दुसऱ्या टोकाला पडदा. अशी नळी ३ हजारांच्या आसपासचा आवाज आपोआप मोठा करते. समोर बसून कोणी बोललं तरी तो उंचवटा कानात तयार होतोच आणि मेंदू त्याला जन्मापासून सरावलेला असतो. नळीचं तोंड इअरफोनने बंद केलं की तो नैसर्गिक उंचवटा मोडतो, मग तो इअरफोनला स्वतः द्यावा लागतो. रेघ तिथे सपाट असेल तर गाणारा गोधडीआडून गातोय असं वाटेल. काही ठिकाणी हा उंचवटा वजा करून रेघ दाखवतात, तिथे सपाट म्हणजे चांगलं. आलेख कच्चा आहे की वजाबाकी केलेला, हे कोपऱ्यात लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नाही.

कोपऱ्यात आणखी दोन गोष्टी बघायच्या. उभा अक्ष १०० डेसिबलचा घेतला तर कुठलाही डबा सरळ रेषेसारखा दिसतो, म्हणून जाहिरातीतल्या रेघा इतक्या देखण्या असतात. एका चौकटीला ५ डेसिबल असा आलेख बरा. दुसरं म्हणजे रेघ किती घोटली आहे. तृतीयांश सप्तकाच्या सरासरीने घोटलेल्या रेघेत अरुंद टोचरी टोकं गडप होतात. बाराव्या हिश्श्याची किंवा त्याहून बारीक घोटाई असेल तर ती दिसतात.

आता ‘चांगली रेघ’ कोणी ठरवली? हार्मन कंपनीत शॉन ऑलिव्ह, टॉड वेल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२-१३ पासून बऱ्याच लोकांना वेगवेगळे स्वरवक्र, म्हणजे अशा वेगवेगळ्या रेघांचा आवाज, ऐकवून कोणता आवडतो ते विचारलं. त्यातून जो वक्र निघाला तो हार्मन वक्र. कान झाकणाऱ्या हेडफोनसाठी सध्या २०१८ चा चालतो, कानात जाणाऱ्यांसाठी २०१९ चा, आणि दुसरा पहिल्यापेक्षा जास्त बास मागतो. म्हणजे हा पसंतीचा वक्र आहे, निसर्गनियम नव्हे. त्यांच्याच पाहणीत साधारण दोन-तृतीयांश लोकांना तो जसाच्या तसा आवडला, उरलेल्यांतल्या काहींना बास जास्त हवा होता आणि काहींना कमी. तुम्ही त्या उरलेल्यांत असू शकता आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. आपल्याकडे एक पिढी मंदिरावरच्या भोंग्यावर भजनं ऐकत वाढली. भोंग्यात बास नसतोच, नुसता मधला आवाज, पण शब्द शिवारापलीकडे पोचतो. पुढची पिढी वरातीतल्या डीजेवर वाढली, जिथे छातीत धडधड झाली तरच साऊंड चांगला. या दोघांना एकच इअरफोन द्या, एक म्हणेल शब्द ऐकू येत नाही, दुसरा म्हणेल दम नाही. आलेख दोघांनाही तेच सांगत होता.

आणि पैशाचं म्हणाल तर येरून ब्रेबार्ट यांनी २०१७ साली २८३ हेडफोनांची मापं किमतीशेजारी मांडून पाहिली. स्वरवक्र आणि किंमत यांचा एकमेकांशी संबंध निघाला नाही. दीड-दोन हजारांच्या तारेच्या इअरफोनची रेघ वीस हजारांच्या मालाहून सरस असू शकते, त्यात आश्चर्य मानू नये.

आता मूळ तक्रारीकडे, बास गेला कुठे? दहातल्या बहुतेक वेळा उत्तर एकच, रबर नीट बसलं नाही. मोजणारा माणूस खोट्या कानात इअरफोन घट्ट बसेपर्यंत पुन्हा पुन्हा लावतो. आलेखातली रेघ म्हणजे त्या इअरफोनचा लग्नातला फोटो. तुमच्या कानात केसाएवढी फट राहिली तरी १०० हर्ट्झखालचा आवाज १० डेसिबल किंवा त्याहून जास्त पडू शकतो, वरचा तसाच राहतो, आणि सगळं पातळ, टोचरं वाटायला लागतं.

तपासायला टोन जनरेटरचं, म्हणजे हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणारं, कुठलंही फुकट अॅप चालतं. ५० हर्ट्झचा सूर बेताच्या आवाजात लावा. बोटाने इअरफोन किंचित आत दाबा. दाबल्यावर सूर एकदम भरला आणि सोडल्यावर विरला, तर फट आहे. खोक्यात तीन मापांची रबरं असतात, लोक मधलं लावूनच मोकळे होतात. मोठं लावून बघा. डावा आणि उजवा कान सारखे नसतात, एकीकडे मोठं आणि दुसरीकडे मधलं लागलं तर लावावं. घालताना दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, नळी सरळ होते, मग थोडा पीळ देत आत सरकवायचा. फोमचं टोक असेल तर चिमटीत दाबून बारीक करायचं, आत घालायचं आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने धरून ठेवायचं. फोमने वरचा आवाज जरासा मऊ होतो, टोचणाऱ्या इअरफोनला हा स्वस्तातला उपाय आहे.

कान झाकणाऱ्या हेडफोनची फट वेगळीकडे असते. चष्म्याची जाड काडी गादी उचलून धरते, बास तिथून पळतो. आणि आपल्याकडचा खास प्रकार म्हणजे दुपट्टा. मार्चपासून जूनपर्यंत उन्हात बाहेर पडणारा प्रत्येक जण, बाई असो की पोरगा, डोक्याला-कानाला दुपट्टा गुंडाळतो आणि वरून हेडफोन चढवतो. सुती कापडाच्या दोन घड्यांवर गादी कधीच घट्ट बसणार नाही. बास तर जातोच, शिवाय वरचा आवाजही कापडात मुरतो. बिनतारी बड्स आत घालून वरून दुपट्टा बांधला तर रबर दाबून बसतं, बास बरा येतो, पण बाहेरचे मायक्रोफोन कापडाखाली जातात. गोंगाट कमी करणारी सोय त्या कापडाची घासाघीसच गोंगाट समजून बसते आणि खसखस किंवा शीळ सुरू होते. तेवढ्यापुरती ती बंद करावी.

त्या सोयीचा, म्हणजे एएनसीचा, आलेखाशी आणखी एक संबंध आहे. चांगल्या एएनसी हेडफोनमध्ये आतला मायक्रोफोन कानाजवळचा आवाज ऐकून बास सावरत असतो, त्यामुळे चष्म्याच्या फटीचा त्रास त्यांना कमी होतो. पण ती बंद केली, किंवा बॅटरी संपल्यावर वायर लावून ऐकलं, तर हेडफोन जवळजवळ दुसराच होतो. आलेख कुठल्या स्थितीतला आहे ते बघून घ्यावं.

मग ‘स’ची सुई. ७११ वर काढलेल्या इअरफोनच्या बहुतेक रेघांमध्ये ८ हजारांजवळ एक टोक दिसतं. त्यातलं बरंचसं इअरफोनचं नसतंच. रबराचं तोंड आणि पडदा यांच्यामध्ये जी बंद नळी उरते तिचा तो सूर आहे, आणि मोजणारे इअरफोन मुद्दाम इतकाच आत घालतात की तो ८ हजारांवर यावा, म्हणजे सगळ्यांची मापं जुळतात. दोन्ही टोकं बंद असलेल्या नळीचा हिशोब सोपा आहे, आवाजाचा वेग भागिले लांबीची दुप्पट. कानातली हवा अंगाइतकी गरम धरली तर वेग सेकंदाला सुमारे ३५० मीटर. नळी २२ मिलिमीटर उरली तर टोक ८ हजारांवर, १६ मिलिमीटर उरली तर ११ हजारांच्या जवळ. म्हणजे तेच टोक तुमच्या कानात दोन-तीन हजार हर्ट्झ इकडेतिकडे असणार. ते कुठे आहे हे शोधायचं तर त्याच अॅपमध्ये सूर ५ हजारांपासून १२ हजारांपर्यंत हळूहळू सरकवा, आवाज लहान ठेवून. जिथे तो अचानक किंचाळतो तो आकडा लिहून ठेवा. इअरफोन थोडा आत सरकवून पुन्हा करा, आकडा वर जाईल. बऱ्याचदा एवढ्याने ‘स’ निवळतो, कारण टोक ‘स’ आणि ‘श’च्या पट्ट्यातून बाहेर पडतं. (४५ अंशांत बाहेरच्या हवेत आवाजाचा वेग ३४३ वरून ३५८ च्या घरात जातो. उन्हाळ्यात इअरफोन वेगळा वाजतो याचं हे कारण म्हणून कोणी सांगितलं तर ऐकू नका. कानाच्या आतली हवा बाराही महिने जवळपास तितकीच गरम असते.)

उन्हाळ्यात इअरफोन वेगळा वाजतो, हे मात्र खरं. त्याचं कारण कूलर.

प्रयोगशाळेतली खोली शांत असते. विदर्भातली मे महिन्यातली खोली शांत नसते. लोखंडी कूलरला बहुधा एक्झॉस्टचा पंखा असतो. चार पोलांची मोटर, ५० हर्ट्झच्या विजेवर भार घेऊन मिनिटाला साधारण १,४०० फेरे, म्हणजे सेकंदाला तेवीसच्या वर. पंख्याला चार पाती असली तर हवेला सेकंदाला ९३ धक्के बसतात, तीन असली तर ७०. हा ७० ते ९३ हर्ट्झचा घूं कूलरचा मुख्य सूर. त्यात पत्र्याची ५० आणि १०० हर्ट्झची थरथर, आणि वर ताट्यांवरून ओघळणाऱ्या पाण्याचा आणि हवेचा फस्स. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की पंखा मंदावतो आणि घूं आणखी खाली येतो. तबल्याचा बायाँ याच पट्ट्यात घुमतो, ढोलकीची धुमही इथलीच, सिनेमातल्या गाण्यांची बास गिटारही. दोन आवाज एकाच पट्ट्यात आले की मोठा लहानाला झाकतो. शिवाय खालच्या सुरांचा गोंगाट स्वतःच्या पट्ट्यापुरता राहत नाही, तो वरच्या सुरांनाही झाकत चढतो. उलट दिशेला हे फार कमी होतं. त्यामुळे कूलरसमोर आधी बायाँ हरवतो, मग आवाज वाढवेपर्यंत गाणाऱ्याचा खर्जही धूसर होतो. जानेवारीत ‘बास जरा जास्तच आहे’ म्हणून नावं ठेवलेला इअरफोन मे महिन्यात ‘बरा आहे’ वाटतो, आणि सपाट, सभ्य इअरफोन मे महिन्यात अगदी पोकळ. दोन्ही वेळा रेघ तीच असते.

यावर लोक करतात ते आवाज वाढवणं. कूलर सहज ६० डेसिबलच्या पुढे जातो, त्याच्यावर गाणं बसवायचं तर ८०-८५ लागतात. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास ८० डेसिबल अशी आहे, आणि दर ३ डेसिबल वाढले की वेळ निम्मा होतो. रात्रभर कानात घालून झोपणाऱ्याने हा हिशोब स्वतः करावा. त्यापेक्षा गोंगाट अडवणं बरं. घट्ट बसलेलं रबर १ हजार हर्ट्झच्या वरचा गोंगाट २०-३० डेसिबल अडवतं, म्हणजे पाण्याचा फस्स गेला, पण घूं अडवण्यात ते कमी पडतं. एएनसीचं बरोबर उलटं आहे, तिला सतत एकसारखा चालणारा खालचा घूंच आवडतो. कूलर, लालपरीचं इंजिन, जिनिंगच्या रेच्यांचा घरघराट, या ठिकाणी ती पैसे वसूल करते. बाजूला कोणी बोलत असेल तर तिचा फारसा उपयोग नाही. ज्यांच्याकडे ती नाही त्यांनी इक्वलायझरमध्ये (सुरांचे पट्टे वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) उन्हाळ्यापुरतं १२० हर्ट्झखाली ३-४ डेसिबल वाढवून वेगळं ठेवावं आणि कूलर बंद झाला की मूळ सेटिंगवर यावं.

रात्री पीक राखायला जागलीवर जाणाऱ्यांचा प्रश्न निराळा. माळ्यावर बसून एक कान रानडुकरांसाठी उघडा ठेवावाच लागतो, म्हणजे गाणं एका कानात. तिथे दोन गोष्टी बिघडतात. एका बाजूला टाकलेली वाद्यं गाण्यातून गायबच होतात, त्यासाठी फोनच्या अॅक्सेसिबिलिटीमध्ये मोनो ऑडिओ, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र वाजवायची सोय, सुरू करावी. आणि एका कानाने ऐकलेलं दोन्ही कानांपेक्षा लहान वाटतं, म्हणून हात आवाजाकडे जातो. तो आवरावा.

आवाज लहान-मोठा करण्याचा विषय निघालाच आहे तर, आलेख आणि कान यांच्यातलं सगळ्यात जास्त भांडण तिथेच लागतं आणि तिकडे लक्ष सगळ्यात कमी जातं. कानाचा स्वतःचाच बास-ट्रेबल (खालचा आणि वरचा आवाज) गाणं किती मोठं लावलंय त्यानुसार बदलतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजलं. १ हजार हर्ट्झचा ४० डेसिबलचा सूर जितका मोठा वाटतो तितकाच वाटायला १०० हर्ट्झच्या सुराला ६० हून जास्त डेसिबल लागतात. आवाज वाढवत नेला की हा फरक कमी होत जातो. म्हणून हळू लावलं की बास गेला, मोठं केलं की आला. दोन इअरफोनांची तुलना करताना एक जरी १ डेसिबलने मोठा वाजत असेल तरी तो ‘जास्त मोकळा, जास्त स्पष्ट’ वाटतो, आणि मोठा आहे असं जाणवतही नाही. दुकानदारांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे.

फोनच्या बटणाने हे जुळवता येत नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर आवाजाच्या १५ पायऱ्या असतात आणि एक पायरी दोन-तीन डेसिबलची पडते. इक्वलायझर अॅपमधल्या प्रीअॅम्पने (सगळाच आवाज एकदम कमी-जास्त करणारी पट्टी) अर्ध्या-अर्ध्या डेसिबलने जुळवा. दोन्हींत पिंक नॉइज, म्हणजे सगळे सूर मिसळलेला एकसारखा सळसळाट, वाजवायचा, जो मोठा वाटेल तो खाली आणायचा, पटापट बदलून फरक कळेनासा झाला की थांबायचं. मग गाणं, तेही तोच वीस-तीस सेकंदांचा तुकडा. कानाची आठवण फार थोडा वेळ टिकते. काल ऐकलेल्या इअरफोनशी आजच्याची तुलना ही गप्पा मारायला ठीक आहे.

तुकडा कोणता, हेही महत्त्वाचं. राष्ट्रसंतांच्या परंपरेतलं खंजिरी भजन यासाठी नामी, पण नव्या रेकॉर्डिंगचं. खंजिरीच्या झांजा ५ ते १० हजारांत किणकिणतात. तिथे इअरफोनची रेघ उंच असेल तर प्रत्येक ठोका काचेसारखा फुटतो, बसकी असेल तर नुसतं कातडं वाजतं. पेटी काळी एकला धरली तर मूळ सूर २७७ हर्ट्झचा, पण तिचा नाकातला रंग त्याच्या वरच्या पटींत, ५०० ते ३ हजारांत असतो, आणि मधला भाग बिघडलेला असला की पेटी लगेच चुगली करते. ध्रुपद उचलणारा कोरस एकमेकांत चिकटतो का, तेही बघावं. जुनी ध्वनिमुद्रणं यासाठी उपयोगाची नाहीत. त्यांत १०० खाली आणि ८-१० हजारांवर मुळातच काही नसतं, तिथे कुठलाही इअरफोन पास होतो. व्हॉट्सअॅपवर फिरून आलेली गाणीही तसलीच.

अॅम्प्लिफायरचं प्रकरण थोडक्यात. आवाज काढणारा एकच भाग, म्हणजे एकच ड्रायव्हर असलेल्या साध्या इअरफोनला फोनमागे काही लावायची गरज नसते. घोळ होतो तो आत चार-पाच ड्रायव्हर कोंबलेल्या मालात. त्याचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, एका सुराला १६ ओहम, दुसऱ्याला ४० ओहम असा हलतो. मागे लावलेल्या डोंगलचा (फोनला जोडायच्या छोट्या अॅम्पचा) स्वतःचा रोध १० ओहम असला तर पहिल्या सुराला ६२ टक्के व्होल्टेज पोचतं, दुसऱ्याला ८० टक्के, म्हणजे रेघ २ डेसिबलहून जास्त वाकडी झाली. मोजणाऱ्याचा डोंगल १ ओहमच्या आतला असेल तर त्याच्या आलेखात हे दिसणारही नाही. मागचा रोध हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी ठेवला की विषय संपतो.

आलेखात नाहीत म्हणून लोक ज्या गोष्टी सांगतात त्यांतल्या बऱ्याचशा त्यात असतात, फक्त नाव वेगळं असतं. ज्याला ‘डिटेल’ म्हणतात ते माझ्या मते बहुतेक वेळा ५ हजारांवरचा आवाज दोन-तीन डेसिबल जास्त असणं. ‘वॉर्म’ म्हणजे २०० च्या आसपास फुगवटा. ‘स्टेज’चं, म्हणजे वाद्यं किती पसरून ऐकू येतात त्याचं, मात्र खरंच एका रेघेत उत्तर नाही. कानाच्या पाळीशी आवाज कसा खेळतो, कप उघडा आहे की बंद, यावर ते बरंच अवलंबून आहे, आणि पाळी प्रत्येकाची वेगळी. आवाज फाटण्याचं माप वेगळं दिलेलं असतं. बासमध्ये एक टक्का विकृती बहुधा कानाला लागत नाही, तेवढ्यावरून माल नाकारू नये. डाव्या-उजव्या रेघांत मधल्या पट्ट्यात २ डेसिबलहून जास्त अंतर दिसलं तर मात्र नाकारावा. अर्थात मोजलेला नग एक आणि तुमच्या घरी आलेला दुसराच.

शिवाय आलेख नव्या कोऱ्या नगाचा असतो. नकली कातड्याच्या गाद्या घाम आणि उकाडा यांनी भेगाळतात, सोलपटं निघतात, फट पडते आणि बास गळायला लागतो. बदली गादी जाड किंवा जाळीदार घेतली तर रेघ काही डेसिबलने हलते, मूळ आकाराची घेणं चांगलं. इअरफोनच्या तोंडाच्या जाळीत मळ साचला की वरचा आवाज मरतो, बास शाबूत राहतो. इअरफोनच्या अंगावरचं बारीकसं छिद्र धुळीने किंवा कापसाच्या तंतूंनी बुजलं की बासचं वजन बदलतं, तेही एकाच बाजूला. जाळीचं तोंड खाली धरून कोरड्या मऊ ब्रशने झाडावं, म्हणजे मळ आत न जाता खाली पडतो. टाचणी घालू नये, स्पिरिट ओतू नये.

हे सगळं तपासून झालं आणि तरी काही खटकतंय, तरच इक्वलायझर. पहिलं काम म्हणजे जितकं वाढवणार तितकं प्रीअॅम्प खाली, नाहीतर आवाज फाटेल आणि दोष इअरफोनवर जाईल. मग १०५ हर्ट्झला लो-शेल्फ (त्याखालचा सगळा बास एकत्र उचलणारी पट्टी), क्यू (तिच्या उताराचा आकडा) ०.७, एकेक डेसिबल करत. गाणं कोंदट वाटत असेल तर २०० च्या आसपास एक-दोन कमी. वेव्हलेटसारख्या अॅपमध्ये तयार दुरुस्त्या मिळतात, त्या ८ हजारांपर्यंत वापराव्यात. त्याच्या वर मोजणाऱ्याच्या खोट्या कानातलं टोक कापण्यात काही हशील नाही, तुम्ही स्वतः शोधून लिहून ठेवलेला आकडा कापा.

सोयाबीनच्या हंगामात दिवसभर थ्रेशरवर उभं राहिलेल्या माणसाने त्या रात्री कुठल्याही हेडफोनबद्दल मत बनवू नये. कान तात्पुरते बसलेले असतात, वरचा आवाज दबलेला वाटतो. रात्रभरात बरेचसे उठतात, पण दर हंगामात तेच झालं तर काही भाग कायमचा जातो, आणि तो बहुधा ४ हजारांच्या आसपास आधी जातो. एक बाजू दबकी वाटत असेल तर इअरफोन डावा-उजवा बदलून घाला. दबकेपणा इअरफोनसोबत फिरला तर जाळी साफ करा. तो त्याच कानात राहिला तर कानात मळ असेल किंवा कानच उतरला असेल. कापसाची काडी घालून मळ आणखी आत ढकलण्यापेक्षा जिल्हा रुग्णालयात कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवावं. तिथे ऑडिओमेट्री करून जो कागद देतात त्यावरही आडवे हर्ट्झ आणि उभे डेसिबल असतात. फक्त त्यात रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी, २० डेसिबलच्या आत असेल तर ठीक, आणि नेहमीची तपासणी ८ हजारांवर थांबते. त्याच्या वरचं टोन जनरेटरवर स्वतःच बघावं लागतं.